विभक्त पालकाचे अपत्यासह परदेशी स्थलांतर

पती-पत्नी विभक्त झाल्यावर अपत्याचा ताबा असलेल्या पालकाने त्याला घेऊन परदेशी कायम वास्तव्यास जाणे. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालये १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि अपत्याचे हित सर्वोपरी मानणारे तत्त्व यांच्या आधारे निर्णय देतात. ताब्याचा आदेश कधीच अंतिम नसतो, या भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका आईला मुलासह ऑस्ट्रेलियात जाण्यास मुभा देऊन वडिलांच्या भेटीची व्यवस्था नव्याने लावून दिली.

दुसऱ्या पालकाच्या संमतीविना मूल नेल्यास प्रश्न बिकट होतो. १९८० च्या हेग करारानुसार १६ वर्षांखालील असे मूल, गंभीर धोक्यासारखे अपवाद वगळता, त्याच्या नित्य वास्तव्याच्या देशात त्वरेने परत पाठवावे लागते. भारत मात्र या कराराचा सदस्य नाही, त्यामुळे परदेशी न्यायालयाचा आदेश येथे बंधनकारक न ठरता विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक ठरतो.

भेटीचे हक्क परदेशातही टिकावेत म्हणून तेथील न्यायालयाकडून तंतोतंत तसाच आदेश, म्हणजे ‘मिरर ऑर्डर’, आणण्याची अट घातली जाते. ही तजवीज कागदावर भक्कम दिसत असली, तरी तिची मदार संबंधित पालकाच्या प्रामाणिकपणावरच असते: केनियात मुलाला नेण्यास वडिलांना २०२० मध्ये अशाच अटीवर दिलेली परवानगी, त्यांनी फसवणूक केल्याचे आढळल्याने सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये मागे घ्यावी लागली.