कोऱ्या कागदाची घोषणा

कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटायचें राहत नाहीं, अशी आपली एक जुनी म्हण आहे. तरीहि कोंबडें झांकून ठेवण्याचा मोह राज्यसत्तांना आवरत नाहीं. चीन देशाच्या गेल्या सुमारें अर्धशतकाच्या इतिहासांत तर झांकणारे आणि आरवणारे यांच्यामधील झगडा अखंड चाललेला दिसतो. आरवण्याची जागा बदलत गेली. मागणी मात्र एकच राहिली.

भिंतीला कान असतात असें म्हणतात. बीजिंग शहरांतील एका भिंतीला १९७८ सालीं तोंड फुटलें. शिदान भागांतील त्या भिंतीवर नागरिक मोठ्या अक्षरांचीं हस्तलिखित पत्रकें चिकटवूं लागले आणि ‘लोकशाहीची भिंत’ या नांवानें ती प्रसिद्धीस आली. ५ डिसेंबर रोजीं वेई जिंगशेंग या विजेचें काम करणाऱ्या तरुणानें तेथें लिहिलें कीं, सरकारनें आरंभिलेल्या चार आधुनिक सुधारणांना लोकशाहीच्या पांचव्या सुधारणेची जोड हवी. पुढील मार्चमध्यें त्याला अटक झाली आणि ऑक्टोबरांत १५ वर्षांची शिक्षा. १९८० सालीं असलीं पत्रकें लावण्याचा हक्कच राज्यघटनेंतून काढून टाकण्यांत आला. १९८२ च्या नव्या घटनेच्या ३५ व्या कलमांत भाषणस्वातंत्र्य हा शब्द मात्र कायम राहिला.

पुढें इंटरनेट आलें आणि भिंतीची जागा पडद्यानें घेतली. भिंतीवरील कागद फाडावयास शिपाई लागतो; पडद्यावरील मजकूर पुसण्याचें काम सरकारनें माध्यमें चालविणाऱ्या कंपन्यांवरच सोंपविलें. वर्ज्य शब्द यंत्रानें हेरावयाचे आणि यंत्राच्या नजरेंतून निसटलेलें पगारी नोकरांनीं पुसावयाचें, अशी ही व्यवस्था. परंतु चिनी भाषेंत समान उच्चारांचे शब्द विपुल आहेत. सरकारनें ‘सुसंवादी समाज’ हें ध्येय उद्घोषिल्यावर, एखादा मजकूर पुसला गेला कीं लोक म्हणूं लागले, त्याचा ‘सुसंवाद’ झाला. हा उपहासहि पुसला जाऊं लागला, तेव्हां त्या शब्दाशीं उच्चारानें मिळताजुळता ‘नदीतला खेंकडा’ लोकांच्या तोंडीं आला.

थट्टेची ही लढाई २०२० सालीं एकाएकीं गंभीर झाली. वूहान येथील मध्यवर्ती रुग्णालयांतील नेत्रवैद्य डॉ. ली वेनलियांग यांनीं ३० डिसेंबर २०१९ रोजीं आपल्या जुन्या सहाध्यायांना खासगी संदेश पाठविला कीं, सार्ससारख्या रोगाचे सात रुग्ण आढळले आहेत, सावध असा. ३ जानेवारीस पोलिसांनीं त्यांना बोलावून घेतलें व अफवा पसरविल्याबद्दल समजपत्रावर त्यांची सही घेतली. हें वर्तन थांबविणें जमेल काय, आणि सांगितलेलें समजलें काय, असे त्यांत दोन प्रश्न होते. डॉक्टरांनीं ‘जमेल’ आणि ‘समजलें’ अशीं दोन उत्तरें लिहून दिलीं. त्यानंतर १७ दिवस लोटल्यावर हा रोग माणसाकडून माणसाला होतो, हें सरकारी तज्ज्ञांनीं जाहीरपणें सांगितलें. आणि २३ जानेवारीस वूहान शहर बंद करण्यांत आलें. मौनाची किंमत किती असते, हें त्या दिवसांनीं दाखविलें.

ली यांनाहि त्याच रोगानें गांठलें आणि ७ फेब्रुवारीच्या पहांटे त्यांचें निधन झालें. त्या रात्रीं वेइबो या समाजमाध्यमावर ‘मला भाषणस्वातंत्र्य हवें’ या घोषणेचा महापूर लोटला. लाखों लोकांनीं ती वाचली आणि कांहीं तासांतच ती पुसली गेली. या घोषणेंत क्रांतीची हांक नव्हती कीं कोणा सत्ताधीशाची निंदा नव्हती; देशाच्या घटनेंत जें लिहिलें आहे तेंच लोक मागत होते. पुसणाऱ्यांनीं पुसलें तें स्वतःच्याच घटनेंतील एक वचन! मग लोकांनीं समजपत्रांतील उत्तरें उलट केलीं आणि ‘जमणार नाहीं, समजत नाहीं’ असें लिहिलेल्या कागदांचीं छायाचित्रें फिरूं लागलीं.

मार्चमध्यें त्याच रुग्णालयाच्या तांतडीच्या विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांची मुलाखत एका मासिकानें छापली व ती लगेच पुसली गेली. वाचकांनीं ती तारायंत्राच्या मोर्स लिपींत, चित्रचिन्हांत, प्राचीन चिनी अक्षरांत, उलट क्रमानें अशा नाना वेषांत पुन्हा पुन्हा प्रगट केली. १९ मार्च रोजीं पोलिसांनीं ली यांचें समजपत्र मागें घेऊन त्यांच्या कुटुंबाची क्षमा मागितली. २ एप्रिलला त्यांना हुतात्मा म्हणून गौरविण्यांत आलें. परंतु ६ फेब्रुवारी हा भाषणस्वातंत्र्यदिन मानावा, ही प्राध्यापक झांग चियानफान यांची सूचना मान्य झाली नाहीं; आणि वूहानची हकीगत लोकांपुढें मांडणाऱ्या झांग झान या महिलेस त्याच वर्षाच्या अखेरीस चार वर्षांची कैद झाली. क्षमा एका मृत माणसापुरती होती, नियम होता तोच राहिला.

शेवटीं शब्दहि गळून पडले. २४ नोव्हेंबर २०२२ रोजीं उरुम्ची येथें आगींत १० माणसें दगावलीं. रोगप्रतिबंधक निर्बंधांमुळें त्यांची सुटका अडली, या समजुतीनें क्षुब्ध झालेले तरुण शांघाय, बीजिंग, नानजिंग इत्यादि शहरांत हातांत पांढरे कोरे कागद धरून उभे राहिले. ७ डिसेंबरला सरकारनें निर्बंध सैल केले; मात्र निदर्शनांत सामील झालेल्या अनेकांना अटक झाली.

नानजिंगच्या एका विद्यार्थिनीच्या हातांतील कोरा कागद एका इसमानें हिसकावून घेतला. त्या कागदावर काय लिहिलें आहे, हें तिला ठाऊक होतें, पाहणाऱ्यांना ठाऊक होतें आणि हिसकावणाऱ्यालाहि ठाऊक होतें. नाहींतर कोऱ्या कागदाची त्याला भीति वाटण्याचें कारण काय?