नवी मुंबईची फिल्म कुणी काढायची?

आज आपल्या शहराच्या जन्माची गोष्ट सांगतो, पण जरा वेगळ्या बाजूने. सिनेमाच्या बाजूने. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

१९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला जागा द्या. सरकारने ती उचलली आणि मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ९५ गावं, जवळपास ३४४ चौरस किलोमीटर. भातशेती, मिठागरं, गावठाणं, सगळं त्या नकाशात आलं.

इथवरचं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत आहे. १९७५ साली याच कोरियांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'सिटी ऑन द वॉटर' नावाचा लघु माहितीपट दिग्दर्शित केला. विषय मुंबईची वाढ आणि नव्या शहराची गरज. म्हणजे नियोजनकारांचा अभ्यास थेट पडद्यावर. त्या काळात थिएटरात मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. जाडजूड अहवाल कोण वाचतो? पण काही मिनिटांची फिल्म अडाणी माणसालाही कळते. हे नियोजनकारांना चांगलं ठाऊक होतं.

फिल्मला नावं ठेवायची नाहीत मला. अभ्यासाची मांडणी म्हणून ती महत्त्वाचीच आहे. पण ती गोष्ट नियोजनकाराची आहे. ज्याची जमीन जाणार होती, त्याच्या हातात कॅमेरा नव्हता.

त्याचं म्हणणं वेगळ्या मार्गाने बाहेर आलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना ही त्या रक्ताची किंमत. आजही दरवर्षी आपण अभिवादनाला जातो.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' आला. मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जात होत्या, त्यावर. इथे कॅमेरा फुटपाथवरच्या माणसापाशी जाऊन उभा राहिला. शहर कुणाचं, हा प्रश्न त्याच माणसाने विचारला.

आणि आपल्या अगदी शेजारी, वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दनंतर देवनार, तिथे टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथे प्राध्यापक राहिलेले अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी वर्षानुवर्षं संशोधन आणि माहितीपट हातात हात घालून केले. 'साचा' (२००१) मध्ये कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून गिरण्यांची मुंबई दिसते. 'नाता' (२००३) मध्ये धारावीचे भाऊ कोरडे आणि वकार खान भेटतात. दंगलीनंतर मोहल्ल्यात सलोखा कसा बांधला, हे ते स्वतः सांगतात. यावर शंभर पानी प्रबंध लिहिता येईल, पण धारावीतला माणूस तो वाचणार नाही. फिल्म तो बघेल आणि 'इथे तुम्ही चुकलात' असंही म्हणेल. अभ्यासकाला असं तोंडावर सुनावण्याची सोय प्रबंधात नसते.

फिल्ममध्ये सगळं मावत नाही, हेही खरं. सातबारा, मोबदल्याचे आकडे, कोर्टाचे निकाल यांना कागदच लागतो. कॅमेरा काय वगळतो, तेही बघावं लागतं. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, सोबत चालावं.

आता आपला मुद्दा. नवी मुंबईच्या भूसंपादनावर, विस्थापनावर, आगरी-कोळी समाजावर विद्यापीठांत अभ्यास झाले आहेत, होत आहेत. बरेचसे इंग्रजीत. ज्यांच्यावर लिहिलं, त्यांच्या घरात ते पोचत नाहीत. दि. बा. २०१३ मध्ये गेले. १९८४ ला जो विशीत होता तो आज साठी ओलांडून गेला. त्याच्या आधीची पिढी, जिने मिठागर चालताना पाहिलं, खाडीत मासे मारले, ती दरवर्षी थोडी थोडी कमी होतेय. ती गेल्यावर उरतील सरकारी फायली आणि १९७५ चा माहितीपट.

आज चांगला मोबाइल प्रत्येक घरात आहे. आपल्या भागात मास मीडिया शिकणारी पोरं आहेत. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी अभ्यास द्यावा, पोरांनी पंधरा-वीस मिनिटांची फिल्म करावी, बोली आगरीच ठेवावी. दोन पथ्यं मात्र पाळा. अजून कित्येकांच्या जमिनीच्या केसेस चालू आहेत, म्हणून बोलणाऱ्याची नीट परवानगी घ्या. आणि पहिला खेळ महोत्सवात नको, गावच्या समाजमंदिरात लावा. म्हातारी माणसं काय खोडून काढतात ते ऐका, मग फिल्म बाहेर पाठवा.

तुमच्या गावात असं सांगणारं कुणी आहे का? कमेंटमध्ये त्यांचं नाव-नंबर टाकू नका, फक्त गावाचं नाव लिहा. गावांची यादी करायला तरी सुरुवात करूया.