चोळीबांगडीचं रान

ओढ्यापलीकडच्या दीड एकराला आमच्या गावात अजून 'माईचं रान' म्हणतात. माई म्हणजे माझ्या आजोबांची थोरली वहिनी. तिला मी पाहिलेलं नाही. जे कळलं ते आत्याकडून, आणि आत्या सांगायची ते कागदाचा हवाला देऊन. घरातले कागद वाचता येणारी ती पहिली मुलगी.

थोरले आजोबा 1939 साली गेले तेव्हा माई विशीतली, पदरी मूल नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मुंबईचे शल्यविशारद डॉ. गोपाळराव देशमुख यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात खटपट करून एक कायदा संमत करून घेतला होता. एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याचा हिस्सा हयातीपुरता मिळावा, असा तो 1937चा कायदा. लोक त्याला देशमुख कायदा म्हणत. पण 1941 साली फेडरल कोर्टाने सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय, तिला हा कायदा लागत नाही. शेतकऱ्याच्या विधवेला शेत सोडून हिस्सा! उरलं काय, तर भांडीकुंडी.

मग चार माणसं बसली आणि माईच्या अन्नवस्त्राची सोय म्हणून ते दीड एकर तोडून दिलं. 'सदर जमीन चोळीबांगडीसाठी दिली असे. हयातभर खावी. गहाण, दान, खरेदी देऊ नये.' ही वाक्यं आत्याला पाठ होती. म्हणताना ती मुद्दाम कारकुनी सूर लावायची.

रान माईकडे आलं, सातबारा आला नाही. तिथे आजोबांचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या तीन अक्षरांमागे महाराष्ट्रात किती धाकटे भाऊ आणि किती विधवा नाहीशा झाल्या! माझे आजोबा दुष्ट नव्हते. वहिनीला सणासुदीला पहिलं ताट वाढायचे. फक्त कागदाचा विषय निघाला की उठून गोठ्याकडे जायचे.

विषय निघाला विहिरीवरून. माईला विहिरीचं काम काढायचं होतं, आणि कर्जासाठी सोसायटीने तिच्या नावचा उतारा मागितला. माई आत्याला घेऊन एस.टी.ने तालुक्याला गेली, एका म्हाताऱ्या वकिलांकडे. त्यांनी फी घेतली नाही, शेंगांची पिशवी मात्र ठेवून घेतली. आत्याने कागद वाचून दाखवला. वकील म्हणाले, "बाई, 1956 साली नवा वारसा कायदा आलाय. त्याच्या चौदाव्या कलमाने विधवेच्या हयातीपुरत्या मिळकतीची ती पूर्ण मालक होते. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटात लिहिलंय की कागदानेच अट घातली असेल तर अट टिकते. तुमच्या कागदात अट आहे. तुमचे दीर दुसरं पोट दाखवतील, मी पहिलं दाखवीन. निकाल लागेपर्यंत विहीर बुजेल."

असा सल्ला देणारा वकील विरळा. दावा लावा म्हणाला असता तर माई रान विकून फी भरत बसली असती. त्यांनी एवढंच सांगितलं, "ताबा सोडू नका. शेतसारा स्वतः भरा, पावती स्वतःच्या नावाने मागा." माईने पुढची सगळी वर्षं तेवढं केलं. विहिरीचं काम राहून गेलं.

मार्च 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयात आंध्रातल्या तुलसम्मा नावाच्या विधवेचा निकाल लागला. नवरा 1931 साली वारलेला, 1949 साली सावत्र दिराशी तडजोड, अट तीच: हयातभर उपभोग. न्यायालयाने म्हटलं, पोटगीचा हक्क तिला आधीपासूनच होता. त्या हक्कापोटी मिळालेली जमीन पूर्ण तिची, कागदातली अट गळून पडली. चौदाव्या कलमाने पक्षकारांना गोंधळात टाकलं आणि वकिलांचा स्वर्ग उभा केला, असंही न्यायमूर्ती भगवतींनी त्याच निकालात नोंदवलं. आमच्या वकिलांनी पोस्टकार्ड टाकलं. आत्याने ते आजोबांसमोर वाचलं. या वेळी ते गोठ्याकडे गेले नाहीत. फेरफार झाला, आणि मरण्यापूर्वी माईने मृत्युपत्र करून रान आत्याला दिलं.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण आजोबा 1979 साली गेले. वारसनोंदीत वडील आणि काका कब्जेदार, आत्या 'इतर हक्कां'त. तेव्हाच्या कायद्याने आजोबा, आजी आणि दोन मुलगे यांचे चार वाटे कल्पायचे. आजोबांच्या वाट्याचे पुन्हा चार भाग, त्यातला एक आत्याचा. म्हणजे सोळा आण्यांत एक आणा. दिवाळीला तिला साडी नेसवली, ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोड लिहून घेतलं. माईचे कागद वाचणाऱ्या बाईने स्वतःचा कागद वाचून, समजून सही केली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, एका आण्यासाठी माहेर तोडू?" माझे वडील शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत.

आज तोच हिशेब वेगळा होतो. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना जन्मतः हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. 9 सप्टेंबर 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली, आणि त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020मध्ये स्पष्ट केलं. आमच्यासारख्या घरात आता वडिलांच्या पश्चात मुलीला चार आणे येतात, भावाइतकेच. साडी आणि ओटी मात्र तीच आहे. नोंदवलेलं हक्कसोड नंतर नकोसं झालं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत दिवाणी न्यायालयात झगडावं लागतं.

हक्क सोडायचा की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावं. आत्याला मी चूक म्हणणार नाही. पण सहीसाठी बोलावणं आलं तर आधी कागदाची नक्कल आणि नवा सातबारा मागून घ्या, आणि दोन्ही घेऊन तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100वर फोन करा. 1995 पासून अमलात असलेल्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला तिथे वकील फुकट मिळतो, आणि तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही.