भिंतीतली धूळ

आम्ही शाळेत असताना बर्नरवर तारेची जाळी ठेवत असू. तिच्या मधोमध एक पांढरे वर्तुळ असे, आणि ते उकरायला बोटे शिवशिवत. ते ॲस्बेस्टॉस होते. कितीतरी शाळांच्या कपाटांत अशा जाळ्या अजून सापडतील.

ॲस्बेस्टॉस हे खनिज, पण कापसासारखे कातता येते आणि जळत नाही. इंग्लंडात रॉचडेल या गिरणगावात त्याचे सूत निघे. तेथे नेली केरशॉ ही कामगार बाई कोवळ्या वयापासून राबत होती. १९२२ साली तिला काम सोडावे लागले. ॲस्बेस्टॉसने होणारा आजार भरपाईच्या यादीतच नाही, म्हणून कंपनीने पैसे नाकारले. १९२४ च्या मार्चमध्ये ती वारली, वय अवघे ३३. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुफ्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. क्षयाचे जुने व्रण होतेच, पण खनिजाचे टोकदार कणही रुतलेले होते. १९२७ मध्ये या रोगाला ॲस्बेस्टॉसिस हे नाव मिळाले.

हे अगदीच अनपेक्षित नव्हते. १८९८ सालच्या अहवालात कारखाना निरीक्षक ल्यूसी डीन यांनी लिहून ठेवले होते की, या धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे धारदार दिसतात. अहवाल छापला गेला, इतकेच.

पुढे डॉ. मेरवेदर यांनी ३६३ कामगार तपासले, त्यांतल्या ९५ जणांची फुफ्फुसे घट्ट झालेली आढळली. १९३१ मध्ये धूळ शोषून घेण्याचे नियम आले. पण कोणासाठी? कारखान्यातील ठरावीक कामांसाठी. तयार पत्रा करवतीने कापणारा सुतार त्यात नव्हता, आणि घरात राहणारे तर नव्हतेच.

घरातल्यांचे काय होते, ते कळायला आणखी तीस वर्षे लागली. १९६० मध्ये वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या परिसरात मेसोथेलिओमा या दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण नोंदवले. त्यांतले काही जण खाणीत कधी उतरलेही नव्हते, लहानपणी शेजारी राहिले एवढेच. १९६५ मध्ये न्यूहाउस आणि थॉम्प्सन यांनी लंडनमधील ७६ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या नऊ जणांचा संबंध एवढाच, की घरातले कोणी ॲस्बेस्टॉसचे काम करी. नवऱ्याचे कपडे झटकणे, धुणे, एवढेही पुरत होते. लांब तंतू फुफ्फुसातील भक्षक पेशीला पुरता गिळता येत नाही. तो तिथेच राहतो, आणि रोग कित्येक दशकांनी उभा राहतो.

ब्रिटनमध्ये निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली. म्हणून तेथे २००० पूर्वीचे घर घेणारा आधी हाच प्रश्न विचारतो. छताचा खडबडीत मुलामा, नळांवरचे वेष्टन, गॅरेजचे छप्पर, फरशीच्या टाइल, कशातही ते असू शकते. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. गंमत अशी की, असल्याचे कळले तरी बहुधा सल्ला मिळतो तो हात न लावण्याचा! सिमेंटात घट्ट बसलेला तंतू उडत नाही. भोक पाडले, घासले, फोडले की उडतो. नळांवरचे भुसभुशीत वेष्टन मात्र खरे धोक्याचे. ते काढणे परवानाधारकाचेच काम. २००४ पासून तेथे इमारतींतील ॲस्बेस्टॉसची नोंद व देखरेख सक्तीची आहे. पण ती कचेऱ्या, शाळा आणि सामायिक जिन्यांपुरती. खाजगी घराच्या दाराशी हाही नियम थांबतो, आणि चौकशी घेणाऱ्यावर पडते.

आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस अजून आयात होतो आणि त्याचे सिमेंटचे पत्रे सर्रास वापरले जातात. त्यामुळे अमुक सालानंतरचे घर निर्धोक, असे म्हणायची सोय नाही. शाळेच्या शेडचे जुने पत्रे बदलायचे असतील तर ते सुटीत बदलावेत, पाणी मारून, शक्य तितके अखंड उतरवून. आणि तुकडे मैदानात भर घालायला वापरू देऊ नयेत.