बर्फावरील रेषा आणि नियमाचें मौन

कायदे करणारांच्या मनांत जी गोष्ट स्वप्नांतहि आलेली नसते, तिला मनाई करण्याचें त्यांना सुचत नाहीं. १९०२ सालीं लंडन येथें आकृति-स्केटिंगच्या जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली, तेव्हां नेमकें हेंच घडलें. स्त्रियांनीं या स्पर्धेंत उतरूं नये, असें आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या नियमांत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. कारण कोणी स्त्री तसें करूं धजेल, ही कल्पनाच त्या मंडळींना शिवली नव्हती. मॅज सायर्स या वीस वर्षांच्या इंग्रज तरुणीनें नियमाच्या या मौनाचा आधार घेऊन आपलें नांव दाखल केलें आणि तें नाकारण्यास आधार सांपडेना. स्वीडनचा उल्रिक साल्कोव्ह पहिला आला. दुसरा क्रमांक मॅजचा लागला, आणि उरलेले पुरुष तिच्या मागें राहिले.

या यशाचें मर्म कळण्यास त्या कलेचें तत्कालीन स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. आज स्केटिंग म्हणतांच उड्या व गिरक्या डोळ्यांसमोर येतात; त्या काळीं गुणांचा मोठा भाग ठराविक आकृतींसाठीं असे. एका पायावर तोल सांभाळून बर्फावर वर्तुळें व आठाच्या आकृति काढावयाच्या, पुन्हां त्याच रेषेवरून पोलादी पातें न्यावयाचें, आणि मग परीक्षकांनीं ती रेषा न्याहाळावयाची, अशी रीत होती. तींत अंगबळाला फारसा वाव नव्हता. तोल, संयम आणि दीर्घ सराव हेंच खरें भांडवल. मॅजची शैली घडविण्यांत तिचा पति एडगर याचाहि मोठा वांटा होता. इंग्लंडांत शरीर ताठ ठेवून स्केटिंग करण्याचा प्रघात होता. एडगर मात्र अमेरिकन नर्तक जॅक्सन हेन्स यानें व्हिएन्नांत रुजविलेल्या मोकळ्या, नृत्यानुसारी पद्धतीचा पुरस्कर्ता होता. १९०० सालीं विवाह झाल्यावर मॅजनेंहि तीच उचलली.

जें अनवधानानें उघडें राहिलें होतें, तें दार १९०३ सालीं संघानें लावून घेतलें. त्यासाठीं पुढें करण्यांत आलेलीं कारणें मोठीं मासलेवाईक आहेत. लांब झग्यामुळें परीक्षकांस पाय दिसत नाहींत, हें पहिलें. परीक्षकाचें मन जिच्यावर जडलें असेल तिलाच गुण देण्याचा प्रसंग त्याच्यावर यावयाचा, हें दुसरें. आणि स्त्रीपुरुषांची तुलना करणें कठीण, हें तिसरें. पहिल्या अडचणीवर शिंप्याची कात्री पुरेशी होती. मॅज स्वतः पोटऱ्यांपर्यंतचाच झगा घालीत असे. दुसरें कारण खरें मानलें, तर दोष परीक्षकांकडे जातो, परंतु शिक्षा मात्र स्पर्धक स्त्रीला! आणि तिसऱ्याविषयीं काय बोलावें? तुलना कठीण नव्हती. ती होऊन गेली होती, आणि तिचा निकाल लागला होता. खरी अडचण तीच होती.

मॅजनें वाद घातला तो बर्फावर. १९०३ सालीं ब्रिटनच्या अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा झाली. ती स्त्रीपुरुषांस खुली होती, आणि मॅजनें ती जिंकली. पुढील वर्षीं तिनें तें पद राखलें, तेव्हां दुसऱ्या क्रमांकावर खुद्द एडगर होता. शेवटीं संघानें स्त्रियांसाठीं निराळी स्पर्धा मंजूर केली. १९०६ सालीं दाव्होस येथें आणि १९०७ सालीं व्हिएन्ना येथें मॅजच पहिली आली. तथापि त्या विजयांना ‘जागतिक’ हें विशेषण लाभलें तें मागाहून. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्केटिंगचा प्रथमच समावेश झाला. तेथें पांचहि परीक्षकांनीं तिला एकमुखानें पहिला क्रमांक दिला. एडगरसह जोडीच्या स्पर्धेंत तिला कांस्यपदकहि मिळालें. पुढें प्रकृतीनें साथ सोडल्यामुळें तिनें स्पर्धांचा निरोप घेतला. १९१३ सालीं पतिपत्नींनीं मिळून स्केटिंगच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९१७ च्या सप्टेंबरांत, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, हृदयविकारानें तिचा अंत झाला.

निराळ्या स्पर्धेमुळें पुढील पिढ्यांना राजमार्ग मिळाला, यांत संशय नाहीं. हंगेरीची लिली क्रोनबर्गर हिनें त्याच मार्गानें १९०८ ते १९११ अशीं सलग चार वर्षें अजिंक्यपद भोगलें. उड्यांचें महत्त्व वाढल्यावर स्त्रीपुरुषांच्या वेगळ्या स्पर्धांस शारीरिक कारण देतां येईल, हेंहि मान्य केलें पाहिजे. परंतु १९०३ सालीं तें कारण नव्हतें. पराभूत झालेल्या युक्तिवादानें त्या वेळीं भिंत घातली, आणि सन्मानाच्या रूपानें पुढें तीच पक्की झाली. स्त्रियांना स्वतंत्र सिंहासन मिळालें. मात्र १९०२ सालीं विचारला गेलेला प्रश्न त्या सिंहासनाखालीं गाडला गेला. ज्या आकृतींमुळें तो प्रश्न विचारणें शक्य झालें, त्याहि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय एकेरी स्पर्धांतून वगळण्यांत आल्या.

बर्फावरील रेषा स्त्रीनें काढली कीं पुरुषानें, हें बर्फ सांगत नाहीं; तें वाचणारांना मात्र तेवढ्यावर थांबवत नाहीं. मॅज सायर्सच्या चरित्राचें महत्त्व तिच्या पदकांपेक्षां या एका प्रश्नांत अधिक आहे. न्यायाची खरी कसोटी हरणाऱ्याच्या वागणुकींत लागत नसते. अनपेक्षित माणूस जिंकूं लागला, कीं नियम करणारे काय करतात, यांत ती लागते.