औषधाविना वेदनाशमन : फायब्रोमायल्जियाच्या संदर्भात महाराष्ट्रातील परंपरा आणि भंडारा जिल्हा – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याची ओळख भाताचा आणि तलावांचा जिल्हा अशी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश झाडीपट्टीचा एक प्रमुख भाग असून कोहळी समाजाने बांधलेले तलाव, बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या हे येथील ग्रामजीवनाचे अधिष्ठान आहे. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की स्त्रिया गुडघाभर चिखलात कमरेत वाकून दिवसभर पऱ्हे लावतात. रोवणीची गाणी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून गोळा केली. गाणाऱ्या स्त्रियांच्या पाठीची नोंद मात्र क्वचितच कोणी घेतली. 'अंग ठणकते', 'हाडे दुखतात', 'उठवत नाही' ही त्यांची तक्रार घरात आळस म्हणून आणि दवाखान्यात किरकोळ म्हणून ऐकली जाते. क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही, आणि एखादे वेदनाशामक इंजेक्शन घेऊन रुग्ण स्त्री घरी परत येते.

अशा सर्वांगव्यापी, दीर्घकालीन दुखण्याच्या एका विशिष्ट प्रकारास आधुनिक वैद्यकात फायब्रोमायल्जिया म्हणतात. वेदना, न उतरणारा थकवा, विश्रांती न देणारी झोप आणि स्मरण-एकाग्रतेतील मंदपणा ही त्याची लक्षणे होत. रोवणी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे दुखणे म्हणजे हा विकार नव्हे, आणि रोवणीमुळेच तो होतो असे म्हणण्यासही आधार नाही. परंतु ज्या दुखण्याचा पुरावा शरीरावर दिसत नाही त्याकडे समाज व वैद्यक कसे पाहतात, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे. प्रस्तुत लेखात या विकाराच्या संज्ञेचा आणि औषधाविना त्याचे व्यवस्थापन करण्याच्या विचाराचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून त्यातील महाराष्ट्राचा, विशेषतः विदर्भाचा, वाटा तपासला आहे.

एका नावाचा प्रवास

इ.स. १९०४ मध्ये ब्रिटिश मज्जातंतुतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात 'फायब्रोसायटिस' हा शब्द प्रथम वापरला. स्नायूंच्या तंतुमय ऊतींना सूज येते, अशी त्यामागील कल्पना होती. त्याच वर्षी राल्फ स्टॉकमन यांनी तशी सूज सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्याचे नमूद केले. पुढील संशोधकांना मात्र ती सापडली नाही. नाव टिकले, त्याचा आधार गेला. सुमारे सत्तर वर्षे वैद्यकाने अस्तित्वात नसलेल्या सुजेच्या नावाने एक खरे दुखणे ओळखले, आणि सूज नाही हे स्पष्ट झाल्यावर अनेकांनी दुखणेच नाही असा निष्कर्ष काढला. या विकाराच्या इतिहासातील सर्वांत अन्यायकारक वळण हेच म्हणावे लागेल.

१९७६ मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हे नाव पुढे आले. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने वर्गीकरणाचे निकष ठरविले : शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू दाबल्यावर दुखले पाहिजेत आणि सर्वांगातील वेदना किमान तीन महिने टिकलेली असली पाहिजे. २०१० मध्ये ही बिंदूंची अट सोडून देण्यात आली व थकवा, झोप आणि आकलनविषयक तक्रारींना निदानात स्थान मिळाले. वेदनेचे संकेत चेतासंस्थेतच वर्धित होतात, हे १९८३ मधील क्लिफर्ड वूल्फ यांच्या प्रयोगांपासून विकसित झालेले स्पष्टीकरण आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते.

औषधाविना उपचारांचा विचार एका निराळ्याच वाटेने आला. १९७५ मध्ये टोरांटो येथील हार्वे मोल्डोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप आवाजाने वारंवार मोडली, तेव्हा त्यांच्यात स्नायूंची वेदना आणि थकवा निर्माण झाला. शरीराने तंदुरुस्त असणाऱ्यांना हा त्रास कमी होतो असे निरीक्षणही या प्रयोगांतून पुढे आले. त्यातून व्यायामाच्या चाचण्यांना चालना मिळाली. १९८८ मध्ये कॅनडात ग्लेन मॅकेन यांच्या गटाने २० आठवड्यांच्या व्यायामक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदय-श्वसनक्षमता वाढविणाऱ्या व्यायामाने रुग्णांची स्थिती केवळ ताणाच्या हालचालींपेक्षा अधिक सुधारली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा थकलेल्या स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात निजवून ठेवण्याची 'विश्रांती-चिकित्सा' अमेरिकेत सायलस वेअर मिचेल यांनी रूढ केली होती. शंभर वर्षांत वैद्यकाने नेमके उलटे टोक गाठले.

महाराष्ट्रातील प्रयोग

आयुर्वेदात वातव्याधी, आमवात या संज्ञांखाली अंगदुखी व जडतेचे वर्णन आढळते. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. काही लेखक या वर्णनांत थेट फायब्रोमायल्जिया शोधतात. तो मोह टाळणे इष्ट होय. विसाव्या शतकातील निदान प्राचीन संज्ञेवर चिकटविल्याने दोन्हींचे आकलन बिघडते. मात्र अभ्यंग आणि स्वेदन, म्हणजे तेल चोळणे आणि शेक देणे, या उपायांचे सातत्य निर्विवाद आहे. निरगुडीच्या पाल्याचा शेक, तापविलेल्या विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, बाळंतिणीची शेक-शेगडी हे सर्व मराठी घरांतील वेदनाशमनाचे मार्ग होते. त्याच घरांत दुखऱ्या जागी डाग देण्याची अघोरी रीतही होती, हे विसरता येत नाही. औषध नसलेला उपाय निरुपद्रवीच असतो, हा समज इतिहासाला मान्य होण्यासारखा नाही.

विसाव्या शतकात या विखुरलेल्या लोकोपायांना संस्थात्मक रूप मिळाले. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसन व प्राणायामाचे शरीरावरील परिणाम क्ष-किरण व दाबमापन यंत्रांनी तपासण्याचा हा जगातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. योग ही श्रद्धेची नव्हे तर मोजण्याची बाब आहे, ही भूमिका त्या काळात धाडसाची होती. महात्मा गांधींनीही १९२७ मध्ये स्वतःच्या प्रकृतीसाठी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला.

गांधीजींचा स्वतःचा मार्ग निसर्गोपचाराचा होता. जर्मनीतील लुई कुने व अॅडॉल्फ युस्ट यांच्या ग्रंथांतून त्यांनी कटिस्नान, मातीच्या पट्ट्या आणि आहारनियमन उचलले. १९३६ पासून सेवाग्रामात हे प्रयोग विदर्भाच्या भूमीवर झाले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचे वास्तव्य असे. तथापि श्रीमंतांसाठीचा पुण्यातील उपचार खेड्यातील गरिबाच्या उपयोगाचा नाही, या जाणिवेतून मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचन येथे गेले. तेथील निसर्गोपचार आश्रम पुढे मणिभाई देसाई यांनी वाढविला. माती, पाणी, ऊन, हवा यांना पैसे पडत नाहीत, हा गांधीजींचा युक्तिवाद होता. वेळ मात्र पडतो, आणि मजुरीवर जगणाऱ्याजवळ नेमका तोच नसतो, ही बाजू त्या युक्तिवादात पुरेशी आलेली दिसत नाही.

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने अधिक जवळचे कार्य जनार्दनस्वामी (१८९२–१९७८) यांचे. त्यांनी १९५१ मध्ये नागपुरात योगाभ्यासी मंडळाची स्थापना केली. रामनगर येथील या मंडळाने योगवर्ग विनामूल्य चालविले, सर्व वयाच्या स्त्री-पुरुषांना प्रवेश दिला आणि कार्यकर्त्यांच्या द्वारा ही चळवळ नागपूरबाहेरही पसरविली. स्वामींच्या शिकवणुकीत 'यथाशक्ति' आणि 'निरंतर' ही दोन पथ्ये एकत्र येतात. फायब्रोमायल्जियाच्या आजच्या व्यवस्थापनाचा गाभाही याहून निराळा नाही. बरे वाटले त्या दिवशी रुग्ण साचलेली सर्व कामे उरकतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणाला खिळतो, हे चक्र मोडण्यासाठी थोडे पण दररोज, शक्तीच्या मर्यादेत राहून आणि हळूहळू वाढवीत, असा क्रम सांगितला जातो. मंडळापुढे अर्थातच हा विकार नव्हता. परंतु आखाड्यातील 'अंग मोडेपर्यंत' कसरतीचा आदर्श सर्वमान्य असलेल्या काळात मर्यादेचा आग्रह धरणारी व्यायामपरंपरा विदर्भात रुजली, ही दखल घेण्याजोगी घटना आहे.

मोजणीचा टप्पा

ग्रामीण महाराष्ट्र किती दुखतो, हे प्रत्यक्ष मोजण्याचे काम १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींना सांधे-स्नायूंची तक्रार आढळली. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्काच होते; कोणत्याही ठळक सांधेविकारात न बसणाऱ्या मऊ ऊतींच्या व अनिश्चित वेदनांचा वाटा त्याच्या कित्येक पट होता. ग्रामीण रुग्णाचे दुखणे पाठ्यपुस्तकातील रोगाच्या चौकटीत बहुधा बसत नाही, हे या पाहणीने दाखवून दिले. भिगवण उसाच्या पट्ट्यातील गाव आहे; तेथील आकडे भाताच्या प्रदेशाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

औषधाविना उपायांचे पुरावेही याच काळात जमू लागले. २०१० मध्ये अमेरिकेत जेम्स कार्सन यांच्या गटाने ५३ स्त्रियांवर आठ आठवड्यांच्या योगवर्गाची चाचणी केली. वेदना, थकवा आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसली. लोणावळ्यात १९२४ साली ज्या मोजणीला आरंभ झाला, तिचे या विकारापुरते उत्तर ओरेगॉनमधून यावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. त्याच वर्षी ताई-ची या चिनी व्यायामप्रकाराचे अनुकूल निष्कर्ष आले. अमेरिकेत २००७ मध्ये प्रिगॅबॅलिन या औषधाला या विकारासाठी प्रथम मान्यता मिळाली होती. तरीही युरोपीय संधिवात संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत 'जोरदार शिफारस' हा दर्जा केवळ व्यायामाला मिळाला. औषधे दुय्यम ठरली. पहिली पायरी म्हणून विकाराचे स्वरूप रुग्णाला समजावून सांगणे आणि औषधाविना उपाय यांनाच स्थान देण्यात आले. 'तुमचे दुखणे खरे आहे, पण त्यामुळे सांधे झिजत नाहीत' एवढे वाक्य विश्वासाने सांगितले गेले, तरी हालचालीची भीती कमी होते.

भंडाऱ्याचा प्रश्न

या शिफारशी भंडारा जिल्ह्यातील स्त्रीपर्यंत नेताना पहिली अडचण 'व्यायाम' या शब्दाचीच येते. जी दिवसभर बांधीत वाकते, किंवा विड्या वळताना तासन्‌तास एका जागी मांडी घालून बसते, तिला व्यायाम करा म्हणणे थट्टेसारखे वाटते. परंतु श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. रोवणीत तीच कंबर, तेच खांदे एकाच स्थितीत तासन्‌तास राबतात. गती, विराम आणि मर्यादा यांवर मजूर स्त्रीचा ताबा नसतो. उपचारात्मक व्यायामात नेमक्या याच तीन गोष्टी रुग्णाच्या हाती असतात. तलावाच्या पाळीवरून संध्याकाळी अर्धा तास चालणे हे म्हणूनच रोवणीपेक्षा हलके असूनही अधिक उपयोगी ठरू शकते. झोपेचेही तसेच. पहाटे उठून स्वयंपाक, दिवसभर मजुरी आणि रात्री भांडी या क्रमात गाढ झोपेचे तास प्रथम कापले जातात, आणि मोल्डोफ्स्कींनी प्रयोगशाळेत जे आवाजाने घडविले ते घरातील कामाच्या वाटणीने घडते.

दुसरी अडचण मजुरीच्या पद्धतीची आहे. रोवणी पुष्कळदा हुंड्याने, म्हणजे एकरी ठराव करून दिली जाते. स्त्रियांची टोळी जितक्या लवकर बांधी संपवील तितकी तिची दिवसाची कमाई वाढते. अशा टोळीत एकीने मध्येच कंबर सरळ करण्यासाठी थांबणे म्हणजे सर्वांचे पैसे अडविणे होय. शक्तीच्या मर्यादेत काम करा, मध्ये मध्ये विसावा घ्या, हा सल्ला येथे वैद्यकीय राहत नाही. तो ठरावाच्या अटींचा भाग होतो. खताची पोती किती लागली हे शेतकऱ्याच्या वहीत असते, टोळीला किती दिले हेही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, सर्वांगव्यापी दीर्घकालीन वेदना ही आता स्वतःच एक आजार म्हणून नोंदविता येते. जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत 'अंगदुखी' या एका शब्दापुढे आता काय लिहिले जाते, हे पाहण्यासाठी रोवणीनंतरचा महिना सोयीचा आहे.