लेझीम : वाद्य की व्यायाम?

गणेशोत्सव जवळ आला की कोणत्याही मंडळाच्या बैठकीत दोन विषय हमखास निघतात. पहिला वर्गणीचा आणि दुसरा मिरवणुकीचा. भाड्याने मोठे स्पीकर आणावेत की आपल्याच मुलामुलींचे लेझीम-ढोल पथक उभे करावे? स्पीकरच्या बाजूने सोय असते, पथकाच्या बाजूने परंपरा असते. पथकाचा एखादा कैवारी म्हणतो, "शिवाय मुलांना व्यायामही होतो." त्यावर दुसरा हसून विचारतो, "वाजवणे हा कसला व्यायाम?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधायला लेझमीइतका चांगला साक्षीदार नाही.

आधी व्यायाम कशाला म्हणायचे ते ठरवू. आपल्या आयुर्वेदाने व्यायामाची व्याख्या केली ती शरीराला होणाऱ्या श्रमावरून. सुश्रुताने मर्यादाही सांगून ठेवली आहे. आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंत व्यायाम करावा, आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला की निम्मे बळ खर्ची पडले असे समजावे. ही कसोटी सोपी आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. काय वाजवले हे ती पाहत नाही, दम किती लागला एवढेच पाहते.

आता लेझमीकडे वळू. आपण तिला अस्सल मराठमोळी मानतो आणि ते खरेही आहे. पण तिचे नाव फारसी आहे. फारसीत 'लेज़म' म्हणजे तिरंदाजीच्या सरावाचे मऊ धनुष्य, किंवा दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले व्यायामाचे धनुष्य. खरे धनुष्य ओढण्यापूर्वी दंड आणि खांदे तयार व्हावेत म्हणून हे साधन होते. इराणच्या 'जोरखाना' नावाच्या आखाड्यांत त्याचे भावंड आजही दिसते. तेथे त्याला 'कबादे' म्हणतात. वजनदार लोखंडी धनुष्य दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचे आणि एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे झुलवायचे. साखळीतल्या चकत्या खणखणतात आणि उंच जागी बसलेला 'मुर्शिद' ढोलकीवर ताल देत गातो. युनेस्कोने 2010 साली या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

म्हणजे लेझीम जन्माला आली ती वजन म्हणून. आवाज हा तिचा जोडधंदा! पण तो फार उपयोगी निघाला. हात मोजणीवर पडला की चुकला हे चकत्यांच्या आवाजावरून लगेच कळते, उस्तादाला मान वर करून पाहावेसुद्धा लागत नाही.

आपल्या तालमींत ही लेझीम दंड-बैठका, मुद्गल, मल्लखांब यांच्या शेजारी नांदली. पुढे लोखंडाच्या जागी हलका लाकडी दांडा आला, साखळीला पितळी-लोखंडी चकत्या राहिल्या आणि जोडीला हलगी, ढोल, झांज आली. वजन गेले म्हणून श्रमही गेले असे मात्र झाले नाही. हातावरचा भार कमी झाला तो पायांवर आला. वाकणे, बैठक, पवित्रा, उडी, गिरकी आणि त्यातच चाल. 1893 साली पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला. त्याला लोकचळवळीचे रूप देणाऱ्या लोकमान्य टिळकांनी स्वतः डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले होते, हे सर्वश्रुत आहे. तालमीतल्या पोरांना रस्त्यावर येऊन आपले कसब दाखवायला उत्सवाच्या मिरवणुकीसारखी दुसरी जागा नव्हती.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी यापुढचा भाग अभिमानाने लक्षात ठेवावा, कारण तो बडोद्यात घडला. गायकवाडांच्या बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याची धुरा त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी सांभाळली. एकेकट्याने करायच्या व्यायामाला त्यांनी सांघिक कवायतीचे रूप दिले आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेतून दिले. त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 1936 ते 1949 या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत प्रसिद्ध केले. तिकडे अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. लेझीम शाळेच्या पटांगणावर आली ती अशा वातावरणात. 'चौ आवाज', 'आदि लगाव', 'पवित्रा', 'आगे फलाँग' हे हुकूम ज्यांनी शाळेत ऐकले, त्यांच्या पोटऱ्यांना ते अजून आठवत असतील! 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये महाराष्ट्राच्या लेझीम पथकाने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले.

तालाचा आणि श्रमाचा संबंध आम्हा रेल्वेवाल्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. मीटरला 52 किलो वजनाचा 13 मीटर लांबीचा रूळ 676 किलोंचा होतो. गँगमधली माणसे तो सरकवतात, तेव्हा एक जण हाळी देतो आणि सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागतो. हाळी नसेल तर माणसे तीच, पण रूळ जागचा हलत नाही. लेझमीत हलगी हेच काम करते. एकट्याने पन्नास बैठका काढताना कंटाळा येतो. हलगीवर शंभर कधी झाल्या ते कळत नाही. ताल श्रम कमी करत नाही, पण ते टिकवून धरतो.

आता आजच्या मोजमापाकडे येऊ. स्वस्थ बसलेल्या माणसाचा शक्तीचा खर्च 1 धरून इतर कामांचा खर्च त्याच्या पटीत मोजतात. या एककाला 'मेट' म्हणतात. अशी यादी अमेरिकेत 1993 साली प्रथम तयार झाली. तिच्या 2011 च्या आवृत्तीत पियानो 2.3, बसून व्हायोलिन 2.5 आणि ड्रम 3.8 असे आकडे आहेत. ताशी सुमारे 5 किलोमीटर वेगाने चालणे 3.5 आहे. 3 च्या पुढे मध्यम व्यायाम सुरू होतो. 70 किलोच्या माणसाचे एका तासात पियानोवर सुमारे 161 किलोकॅलरी खर्च होतात, तर ड्रमवर 266. इंग्लंडमध्ये 'ब्लाँडी' या बँडचे ड्रमवादक क्लेम बर्क यांच्यावर संशोधकांनी प्रयोग केले. कार्यक्रमात त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी 140 ते 150 पडत आणि कधी 190 पर्यंत जात.

यावरून हिशेब स्पष्ट होतो. वाद्य हा व्यायाम ठरतो तो चार गोष्टींवर : वादक बसलेला आहे की चालतो आहे, अंगावर भार किती, फक्त बोटे हलतात की मांड्या-खांदेही, आणि हे किती वेळ चालते. सतारीच्या रियाजाची बोटांची आणि मनाची तपश्चर्या थोर आहे, पण तिने दम लागत नाही. तिला व्यायाम म्हणू नये, त्याने तिचे मोलही घटत नाही. कमरेला ढोल बांधून चालणारा मात्र व्यायाम करतो. आणि लेझीम तर मुळातच व्यायाम आहे, तिला वाद्यपण नंतर मिळाले.

पण इथेच सावध राहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. उत्सवाचे दहा दिवस रोज दोन तास वाजवले तर 1200 मिनिटे होतात, म्हणजे आठ आठवड्यांचा कोटा. मग उरलेल्या 44 आठवड्यांचे काय? व्यायामाची आगाऊ बचत करता येत नाही. उलट, वर्षभर खुर्चीत बसलेल्या चाळिशीच्या गृहस्थाने विसर्जनाच्या दिवशी एकदम जड ढोल कमरेला बांधला, तर सुश्रुताची निम्म्या बळाची मर्यादा पहिल्याच चौकात ओलांडली जाईल. पाठ धरली तर दोष ढोलाचा नव्हे.

म्हणून मंडळापुढे सूचना एवढीच. पथक उभारायचे तर ते केवळ मिरवणुकीपुरते नको. मंडळाच्या आवारात वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, तासभर लेझीम चालू द्यावी. तासाला साठ मिनिटे धरली तर 180 मिनिटे होतात, 150 ची अट पूर्ण होते. लहानांनी उड्या माराव्यात, आमच्या वयाच्यांनी नुसता 'चौ आवाज' केला तरी चालेल. जी मुले घरात मराठी जेमतेम बोलतात, ती हलगीच्या ठेक्यावर चार मराठी शब्दही शिकतील. स्पीकर कितीही मोठा आणला, तरी त्याच्यासमोर घाम गाळतो तो भाड्याचा जनरेटर. बुद्धीची देवता आपल्या दारी येते, तेव्हा तिच्यापुढे आपला स्वतःचा घाम गळावा, हे अधिक शोभेल.

गणपती बाप्पा मोरया!